हत्तीच्या पोटातून पांढरं डोकावतंय: क्रोशाच्या खेळण्यात दर वेळी भोकं का पडतात

मागच्या वर्षभरात मी चार हत्ती केले, त्यातले तीन फसले आणि तिन्ही एकाच कारणाने फसले असं मला वाटत होतं म्हणजे आतला कापूस बाहेर दिसणं. राखाडी हत्ती आणि अंगभर पांढरे पांढरे ठिपके. मावशी बघून म्हणाली अगं याचे तर केस पिकलेत. चिपळूणच्या भाच्याला दिला तर त्याने पाचव्या मिनिटाला करंगळी घालून पोटातून कापसाची वात काढायला सुरुवात केली, आणि मजा अशी की वात संपेचना, आजीला नेऊन दिली देवाला लावायला म्हणून.

तर आधीच सांगते, तिन्ही हत्तींचं कारण एक नव्हतं, भोकं सारखी दिसतात पण येतात वेगवेगळ्या ठिकाणाहून. मी तीन वेळा एकच उपाय केला, अजून घट्ट ओढायचं, आणि त्याने फक्त मनगट दुखलं. त्यामुळे उसवायला घ्यायच्या आधी खेळणं ट्यूबलाइटखाली धरा आणि भोकं नेमकी कुठे आहेत ते बघा. सगळीकडे आहेत, की फक्त खालच्या अर्ध्यात, की डोक्याच्या मधोमध एकच, की तिरक्या रेषेत, की पाय जोडलेत तिथे. जागा कळली की अर्धं काम झालं.

सगळीकडे भोकं असतील तर

तर ९०% वेळा सुई जाड आहे. म्हणजे ९०% हा माझा आपला अंदाज, पण माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बायकांचं जवळजवळ सगळ्यांचं हेच असतं. लोकरीच्या गुंड्याच्या कागदावर सुईचा नंबर लिहिलेला असतो, समजा ४ मिमी, आणि आपण इमानदारीत ४ ची सुई घेतो. पण तो नंबर स्वेटर, शाल, टोपी असल्या गोष्टींसाठी असतो जिथे कापड मऊ पडायला हवं, अंगावर लोंबायला हवं. खेळण्याला उलट हवंय, कापड ताठ हवं कारण आत भरलेला माल त्याला बाहेरून ढकलत असतो. म्हणून खेळण्याला कागदावरच्या नंबरपेक्षा एक ते दीड मिमी बारीक सुई घ्यायची. ४ लिहिलंय तर ३ किंवा २.५, आणि जाड लोकर असेल ५ वाली तर ३.५ पासून सुरू करा.

आता हे सगळं ऐकीव न मानता एक टेस्ट करा, मला ही फार उपयोगी पडली. त्याच लोकरीचा एक छोटा गोल करायचा, ६ टाक्यांनी सुरू करून १२, १८, २४, ३० असा पाच फेऱ्यांचा, पंधरा मिनिटांचं काम. असे तीन गोल करा, वेगवेगळ्या सुयांनी. मग रोजचा पेपर घ्या, हेडलाइन नाही, आतल्या पानावरची बारीक अक्षरातली बातमी, त्यावर गोल ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी जरा ताणा, कापूस भरल्यावर जेवढा ताणला जाईल तेवढाच. माझ्या ४ च्या गोलातून मला अख्खा शब्द वाचता आला, "निविदा". ३ च्या गोलातून नुसते काळे ठिपके दिसले. २.५ मधून काहीच नाही, पण तो गोल करताना सुई प्रत्येक टाक्यात अडकत होती आणि लोकरीचे धागे फाटून वेगळे होत होते, म्हणजे फारच बारीक. मी ३ वर थांबले. तुमचा हात सैल असेल तर तुम्ही २.५ वर थांबाल, माझ्या जावेचा हात इतका घट्ट आहे की ती त्याच लोकरीला ३.५ घेते आणि तिचं तरी भोक दिसत नाही. म्हणून कुणाचा नंबर कॉपी करू नका, पेपर वापरा.

एक सुयांबद्दल. आईच्या डब्यातल्या जुन्या स्टीलच्या सुया असतात ना, रुमालाच्या लेसच्या, त्यांच्यावरच्या आकड्यांनी मी फसले होते. स्टीलच्या सुयांमध्ये आकडा मोठा तितकी सुई बारीक, आणि त्या लोकरीसाठी नसतातच, बारीक दोऱ्यासाठी असतात. अॅल्युमिनियमच्या अमेरिकन नंबरच्या सुयांमध्ये उलटं, आकडा मोठा तितकी जाड. त्यामुळे आकडा न बघता मिमी बघायचं, आणि मिमी लिहिलेलंच नसेल तर दुकानात माहीत असलेल्या सुईशेजारी दांडा ठेवून बघा, तोंड नाही, दांडा, कारण टाक्याचा साइज दांड्यावर ठरतो.

सुई बरोबर आहे आणि तरी सगळीकडे भोकं, तर मग टाकाच चुकतोय. माझा पहिला हत्ती असाच होता. पॅटर्न इंग्लिश होता, त्यात सगळीकडे डीसी लिहिलेलं, मी डबल क्रोशे म्हणजे आपला नेहमीचा खांब, म्हणजे उंच टाका, समजून अख्खा हत्ती खांबांनी विणला. हत्ती कसला, जाळीची पिशवी झाली, त्यात कांदे ठेवता आले असते. नंतर कळलं की तो पॅटर्न ब्रिटिश होता आणि ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात. टाका तोच, नाव वेगळं. खेळण्यांमध्ये जवळजवळ सगळं काम त्या बुटक्या टाक्यात असतं, उंच खांबात नाही. ओळखायची खूण सोपी आहे, पॅटर्नमध्ये कुठेही एससी, म्हणजे सिंगल क्रोशे, असं आलं की तो अमेरिकन समजा, आणि नुसतंच डीसी डीसी असेल आणि खेळणं गोलमटोल असेल तर तो बहुतेक ब्रिटिश, तिथे बुटका टाकाच घाला. माझी आई सगळ्यालाच खांब म्हणते, मुका खांब, लांब खांब, त्यामुळे तिला विचारून माझा गोंधळ अजून वाढला होता.

अजून एक. टाक्याच्या डोक्यावर वेणीसारखे दोन धागे असतात, सुई दोन्हीखालून घालायची. घाईत एकाच धाग्याखालून गेली की सुटलेला धागा आडवी रेघ होऊन दिसतो आणि वीण तिथे सैल पडते. फेरीच्या फेरी अशी गेली तर अंगावर वळ्या दिसतात. हत्तीला वळ्या शोभतात म्हणा, पण भोकं नाही शोभत.

आणि खेळणं उलटं तर नाहीये ना ते बघा. हसू नका, माझ्या ओळखीच्या निम्म्या जणी पहिलं खेळणं उलटं करतात. विणताना तुकडा वाटीसारखा होतो, ती वाटी आपल्याकडे वळते आणि आतली बाजू बाहेर येते. सुलट बाजूला नीट इंग्लिश व्ही सारखे टाके एकाखाली एक दिसतात, उलट बाजूला मध्ये आडव्या दांड्या दिसतात. उजव्या हाताने विणत असाल तर वाटीच्या आपल्या जवळच्या कडेवर, उजवीकडून डावीकडे काम चालायला हवं. पलीकडच्या कडेवर चालत असेल तर वाटी उलटी आहे, बोटाने ढकलून पालटा आणि पुढे चला, उसवायची गरज नाही. उलट बाजूला कमी केलेले टाके जास्त उघडे दिसतात म्हणून हे इथे सांगितलं.

वरचं सगळं ठीक असून अजून घट्ट वीण हवी असेल तर टाका घ्यायची पद्धत बदलून बघा. आपण टाक्यात सुई घालतो आणि लोकरीचा सुईवरून वळसा घेतो. त्याऐवजी सुईचं तोंड खाली करून लोकर सुईच्या खालीच राहील अशी पकडायची आणि ओढून घ्यायची, मग दोन लूपमधून काढताना मात्र नेहमीसारखा वळसा. याने टाका व्ही ऐवजी फुलीसारखा दिसतो, जरा बुटका होतो आणि घट्ट बसतो. एक फायदा अजून, व्ही वाली वीण गोल गोल फिरताना हळूहळू उजवीकडे सरकत जाते, म्हणून डोळे आणि सोंड एका रेषेत येत नाहीत, फुलीची वीण कमी सरकते. पण एकाच हत्तीत दोन्ही पद्धती मिक्स करू नका, धडाला फुली आणि डोक्याला व्ही असं झालं की दोन वेगळ्या प्राण्यांचे तुकडे वाटतात. आणि साइजही थोडा लहान होतो हे धरून चाला.

फक्त खालच्या अर्ध्यात भोकं

हा माझा दुसरा हत्ती. वरचा अर्धा गोल एकदम सुंदर, जिथून टाके कमी करायला सुरुवात केली तिथून प्रत्येक फेरीत सहा भोकं, मोजून सहा. कारण डोकं करताना आपण प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवतो, ३६ पर्यंत नेतो, आणि बंद करताना सहा सहा कमी करतो, चार साधे एक कमी (म्हणजे दोन टाक्यांचा एक), चार साधे एक कमी असं केलं की ३६ चे ३० होतात. तर ते जे सहा कमी केलेले टाके, तिथेच भोकं. दोन टाक्यांमधून एक एक लूप वर ओढून एकत्र करायची जी साधी पद्धत आहे तिच्यात टाक्याच्या बाजूला फट राहते आणि वर एक गाठीसारखा उंचवटा येतो.

याला उपाय आहे आणि तो एकदा हातात बसला की परत साधी पद्धत कुणी वापरत नाही. पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त आपल्याकडच्या, म्हणजे पुढच्या धाग्यातून सुई घाला, पहिल्याच्या पुढच्या धाग्यातून आणि लगेच दुसऱ्याच्या पुढच्या धाग्यातून, मध्ये लोकर ओढायची नाही. सुईवर आता तीन लूप आहेत. लोकर घ्या, पहिल्या दोनमधून ओढा, दोन राहिले, परत लोकर घ्या, दोन्हीतून ओढा. झालं. बाहेरून साध्या टाक्यासारखंच दिसतं, कुठे कमी केलंय ते शोधावं लागतं. पहिल्यांदा करताना दुसऱ्या धाग्यात सुई जात नाही असं वाटतं तेव्हा सुई जरा खाली झुकवा, जाते.

दुसऱ्या हत्तीची अजून एक चूक होती, ती भरण्याची. मला वाटायचं गच्च भरलं की छान टणक होईल. मी पेन्सिलच्या मागच्या बाजूने ठासून ठासून भरलं आणि बंद करताना राहिलेल्या छोट्या भोकातून अजून थोडं कोंबलं. टाके ताणले गेले आणि जिथे कमकुवत जागा होती, म्हणजे तेच सहा सहा टाके, तिथे सगळे उघडले. भरायचं ते पिंजून, बोटांनी मोकळं करून, छोटे छोटे तुकडे, आधी कडेकडेने आणि मग मध्ये. दोन बोटांनी दाबलं तर परत वर यायला हवं पण टाक्यांमधली फट रुंदावता कामा नये. मुठीएवढा गोळा एकदम कोंबला की तो आत गोळाच राहतो आणि बाहेरून टेंगूळ दिसतं.

डोक्याच्या मधोमध एकच भोक

ते सुरुवातीच्या रिंगचं. लोकरीचं कडं करून त्यात सहा टाके घालतो आणि शेपूट, म्हणजे लोकरीचं मोकळं टोक, ओढून कडं आवळतो, ते आवळतं छान पण ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत असल्यामुळे आठवड्याभरात परत सैल होतं. शेपूट आखूड कापलं असेल तर संपलंच. शेपूट वीतभर ठेवा, दोन-तीन फेऱ्या झाल्यावर परत एकदा ओढा, मग शिवायच्या सुईत ओवून कड्यातून अजून एक फेरा मारा आणि नंतर उलट्या दिशेने परत या. दिशा बदलली की ते सुटत नाही. रिंग जमतच नसेल तर दोन साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा टाके घाला, त्यात किंचित भोक राहतं पण वाढत नाही.

शेवटचं तोंड बंद करताना पण तसंच, सहा टाके उरले की लोकर कापून शिवायच्या सुईत ओवा, सहाही टाक्यांच्या पुढच्या धाग्यातून आतून बाहेर अशी सुई काढा, ओढा, बटव्याची नाडी ओढल्यासारखं तोंड मिटतं. मग सुई मधोमध घालून लांब कुठेतरी बाजूला बाहेर काढायची, तिथे कापायची, टोक आत जातं.

तिरक्या रेषेत भोकं, किंवा एकटंच कुठेतरी

तिरकी रेघ म्हणजे तुम्ही प्रत्येक फेरी जोडताय. लेसच्या रुमालाची सवय असलेल्या बायका प्रत्येक फेरीच्या शेवटी जोडून एक साखळी घालून वर चढतात, खेळण्यात तसं करू नका, पॅटर्नमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर जिन्यासारखं गोल गोल वर जात राहायचं. फेरी कुठे संपली ते कळायला पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावा किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा. आणि एकटं भोक म्हणजे टाका सुटलाय. हे फेरीच्या शेवटी मोजलं तरच कळतं. ३० हवेत आणि २९ आले तर तिथेच थांबून शोधा, पुढच्या फेरीत वाढवून घेऊ असा शहाणपणा मी केलाय, हत्ती एका बाजूला कलला. सिरियल बघताना मोजू नका, एवढंच सांगते.

पाय, कान, सोंड जोडलेत तिथे

शिवताना आपण दोरा खूप ओढतो. सुई टाक्यांच्या मधल्या फटीतून काढली आणि ओढली की फट उघडते आणि जोडाच्या भोवती चार-पाच भोकं तयार. सुई टाक्याच्या धाग्यातून न्या, फटीतून नको, आणि पहिली फेरी सैलसर शिवून मग दुसरी फेरी जरा आवळा. शिवायच्या आधी चारही पाय टाचण्यांनी लावून हत्ती टेबलावर उभा करून बघा नाहीतर तीन पायांवर उभा राहतो. मान लटपटत असेल तर तीही इथेच, मानेत कापूस कमी आहे, शिवून बंद करायच्या आधी शेवटचा चिमूटभर कापूस मानेतच घाला.

धुतल्यावर भोकं

हा तिसरा हत्ती, याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता म्हणून जास्त राग आला. वीण बरोबर, टाके बरोबर, पेपरची टेस्ट पास. पण आत भरला होता जुन्या उशीतला कापूस, घरात होता म्हणून. भाच्याने त्याला आमरसात बुडवलं, वहिनीने धुतला, आणि जून महिना. साधा कापूस पाणी धरून ठेवतो, गोळे होतात, चार दिवस वाळला नाही आणि कुबट वास सुटला तो वेगळाच. गोळे झाले की काही जागा रिकाम्या आणि काही जागी टेंगूळ, टेंगळाच्या जागी टाके ताणले आणि भोकं. आता मी फायबरचा कापूस वापरते, गादीवाल्याकडे रेक्रॉन म्हणून मागितलं तरी देतात, पाव किलोत दोन-तीन मध्यम हत्ती होतात माझे. तो पाणी धरत नाही, पिळायचा नाही फक्त, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. लोकरीचे कापलेले तुकडे, चिंध्या भरू नका, बाहेरून खडबडीत लागतं.

झालेल्या खेळण्याचं काय करायचं

उसवायचं नसेल तर. भोकं थोडीच असतील तर त्याच रंगाची लोकर सुईत ओवून भोकाच्या आतल्या बाजूने दोन-तीन आडवे टाके फिरवायचे, ओढायचं नाही, नुसतं जाळं घालायचं. क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने कापूस आधी आत ढकला. भोकं खूप असतील आणि तोंड अजून बंद केलं नसेल तर कापूस काढून घ्या, जुन्या गडद रंगाच्या नायलॉनच्या लांब मोज्याचा तुकडा आत पिशवीसारखा बसवा, त्यात कापूस भरा आणि मोज्याला गाठ मारा. काळ्या, निळ्या, गडद राखाडी खेळण्याला तर मी आता वीण चांगली असली तरी हे करतेच, कारण गडद रंगात पांढरा कापूस अगदी बारीक फटीतूनही चमकतो. फिक्या रंगाच्या खेळण्यात हीच भोकं असतात पण दिसत नाहीत, म्हणून पहिलं खेळणं करत असाल तर क्रीम किंवा फिका पिवळा घ्या.

तोंड बंद झालंय, भोकं पोटावर आहेत आणि उद्याच वाढदिवस आहे अशी वेळ असेल तर हत्तीला बनियन विणा. मी विणलंय.

डोळ्यांचं राहिलं. प्लॅस्टिकचे मागून वॉशर लागणारे डोळे मिळतात, ते डोकं भरून बंद करायच्या आधीच लावावे लागतात कारण वॉशर आतून बसतो, आणि ते टाक्यांच्या मधल्या फटीत दांडा घालून लावायचे, लोकर कापायची नाही. वीण सैल असेल तर वॉशरसकट डोळा ओढून निघतो, भाच्याने तेही करून दाखवलंय, नशिबाने तोंडात घालायच्या आधी वहिनीने पाहिलं. ३ वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायचं असेल तर प्लॅस्टिकचे डोळे, मणी, बटणं काहीच नको, काळ्या दोऱ्याने डोळे भरून काढा. चौथ्या हत्तीला मी तसेच काढलेत, एक डोळा जरा मोठा झालाय, पण अजून जागेवर आहे.